नारळाच्या वासाचं परफ्यूम आणि लावणाऱ्याचा स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात जास्त विचारणा स्वभावाबद्दलच होते. पण वास नेमका कशाचा येतो आणि कोल्हापुरात तो नाकाला कसा लागतो हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून तो थोडा पुढे आहे.

नारळाच्या परफ्यूममध्ये खरा नारळ असतो का?

बहुतेक वेळा नसतो, आणि त्यात फसवणूक काही नाही. वाळा, चंदन, गुलाब यांचं सुगंधी तेल वाफेवर काढता येतं. नारळाचं तसं वापरण्याजोगं तेल हाती येत नाही. घाण्यातून निघतं ते खाण्याचं तेल, आणि रिफाइंड केलं की त्यालाही जवळजवळ वास उरत नाही. ओल्या खोबऱ्याचा जो गोडसर, सायीसारखा वास आपण ओळखतो तो लॅक्टोन नावाच्या संयुगांचा असतो: डेल्टा-ऑक्टॅलॅक्टोन, डेल्टा-डेकॅलॅक्टोन वगैरे. परफ्यूम बनवणारे त्यांच्या जोडीला, किंवा त्यांच्याऐवजी, गॅमा-नोनॅलॅक्टोन वापरतात. ते कारखान्यात तयार होतं.

हे गॅमा-नोनॅलॅक्टोन सुगंधी रसायनांच्या यादीत ‘अल्डिहाइड सी-१८’ या नावानं असतं. ते अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनही १८ नाहीत, ९ आहेत. व्यापारातलं जुनं नाव तसंच राहिलंय. स्वतः मागवणार असाल तर आकडा नीट लिहा, कारण ‘सी-१४’ मागवलंत तर पीच फळाचा वास घरी येईल.

लावलं की सगळे विचारतात, “आज डोक्याला तेल लावलंस काय?” परफ्यूम खराब आहे का?

परफ्यूम ठीक आहे. विचारणाऱ्यांच्या नाकाला ‘निळी बाटली’ आठवते, एवढंच. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात अंगाला लावायच्या लोशनांना वर्षानुवर्षं नारळाचा वास दिला गेला, म्हणून तिथं तो आला की लोकांना समुद्रकिनारा आणि सुट्टी आठवते. आपल्याकडे तोच वास म्हणजे न्हाणं, वेणी आणि आजीचा हात. कोल्हापुरात त्यात आणखी भर आहे: अंबाबाईच्या ओटीतला नारळ, जोतिबाच्या यात्रेत गुलालाबरोबर उधळलेलं खोबरं आणि पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध. परदेशी जाहिरातीतलं ‘बेफिकीर, भटक्या माणसाचा सुगंध’ हे वर्णन इथं येईपर्यंत ‘घरातला, न्हाऊन आलेला माणूस’ असं होऊन बसतं. त्यात वाईट काही नाही, पण घेताना हे माहीत असलेलं बरं.

तेलाची आठवण टाळायची असेल तर सोबतीला काय आहे ते बघा. नुसता नारळ आणि व्हॅनिला असेल तर ‘तेल’ किंवा ‘बर्फी’ हेच ऐकायला मिळेल. लिंबू, आलं, मीठट समुद्री झाक, चंदन किंवा वाळा सोबत असेल तर वास तेलापासून लांब जातो. क्रीड कंपनीच्या २००७ सालच्या व्हर्जिन आयलंड वॉटरमध्ये नारळाला लाइम आणि रमची जोड आहे. ते महागडं परफ्यूम घ्या असं सुचवायचं नाही, पण जोडी कशी जमते हे समजायला उदाहरण चांगलं आहे.

नारळ म्हणजे नारळ, त्यात प्रकार कसले?

बाजारात ‘कोकोनट’ या एकाच नावाखाली निदान चार वेगळे वास विकले जातात. सगळा घोळ इथंच होतो.

शहाळ्याचा वास पातळ, हिरवट आणि थंड असतो. त्यात नारळ कमी आणि काकडी-कलिंगडासारखी पाणेरी झाक जास्त. मे महिन्यातही सोसतो, पण तासा-दीड तासात संपतो.

नारळाच्या दुधाचा वास म्हणजे लॅक्टोनांचं खरं घर. मऊ, दाट आणि अंगाला चिकटून राहणारा. मात्रा थोडी जरी जास्त झाली तरी तो तुपकट होतो. गॅमा-नोनॅलॅक्टोनचा स्वभावच तसा आहे: थोडं घातलं तर साय, जास्त घातलं तर मेणचट.

भाजलेल्या खोबऱ्याच्या प्रकारात नारळाबरोबर कॅरॅमल, कॉफी, सुक्यामेव्याची झाक घातलेली असते. थंडीत सुरेख लागतो. आपल्याकडे मात्र तो थेट वाटणाची आठवण करून देतो, कारण कांदा-खोबरं भाजल्याचा वास इथं घरोघरी माहीत आहे. ऑफिसला जाताना जरा जपून.

चौथा प्रकार पांढऱ्या फुलांबरोबरच्या नारळाचा. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर तियारेची फुलं खोबरेल तेलात भिजवून ‘मोनोई’ करतात. ‘मोनोई द ताहिती’ या नावाला १९९२ पासून अधिकृत मूळस्थानाचा दर्जा आहे. परफ्यूममध्ये ही जोडी पुष्कळदा दिसते. मोगरा-गजऱ्याची सवय असलेल्या नाकाला या चारांत हाच प्रकार सगळ्यात लवकर आपलासा वाटतो, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही हाच सुचवतो.

आता मुद्द्याचं: नारळाचा वास लावणारा माणूस स्वभावानं कसा असतो?

‘मनमिळाऊ, खेळकर, घरात रमणारा पण प्रवासाची ओढ असलेला’ असं उत्तर तुम्हाला ठिकठिकाणी वाचायला मिळेल. ते तुम्हाला लागू पडतं असं वाटेल, कारण ते कुणालाही लागू पडतं. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं’ स्वभाववर्णन म्हणून एक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला अचूकतेसाठी ५ पैकी सरासरी ४.३ च्या आसपास गुण दिले. परफ्यूमवरून स्वभाव सांगणाऱ्या प्रश्नावल्या याच जोरावर चालतात.

वासाला मुळात ठरलेला अर्थ नसतो. तो आठवणींतून चिकटतो, आणि आठवणी गावागणिक, घरागणिक बदलतात. त्यामुळे तुमच्या नारळाच्या परफ्यूमवरून समोरचा जो ‘स्वभाव’ ओळखतो, त्यात तुमच्यापेक्षा त्याचंच बालपण जास्त असतं. ज्याला शाळेत तेल चोपडून पाठवलं जायचं आणि ते आवडत नसे, त्याला तुम्ही चिकट वाटाल. ज्याची सुट्टी मालवणात गेली त्याला तुम्ही मोकळेढाकळे वाटाल. परफ्यूम दोघांच्याही नाकाशी एकच.

म्हणजे निवडीवरून माणसाबद्दल काहीच कळत नाही?

थोडं कळतं, पण ते वेगळ्या ठिकाणी दडलेलं असतं. २०१२ मध्ये चेक संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः निवडलेलं परफ्यूम लावल्यावर माणसाच्या अंगाचा आणि परफ्यूमचा मिळून येणारा वास, दुसऱ्यानं ठरवून दिलेलं परफ्यूम लावल्यावरच्या वासापेक्षा, हुंगणाऱ्यांना जास्त आवडला. बाटलीतले वास मात्र त्यांना सारखेच आवडले होते. म्हणजे माणूस नकळत आपल्या अंगाला जुळणारा वास निवडतो असं दिसतं. हा त्वचेशी मेळ झाला. हिला ‘धाडसी’, त्याला ‘लाजाळू’ ठरवण्याइतकं त्यातून काही निघत नाही.

खरं बोलतं ते प्रमाण. पाच फवारे मारून शेअर रिक्षात बसणारा आणि दोन मारून बसणारा यांच्यात शेजारच्याचा विचार करण्याचा फरक नक्की दिसतो, मग वास नारळाचा असो की उदाचा. तसंच वेळेचं. दुपारी दोनच्या उन्हात दाट, गोड नारळ लावणाऱ्याला आपण काय लावलंय याचा अंदाज नाही, एवढं निश्चित म्हणता येतं.

पुरुषांनी लावलं तर चालतं का?

चालतं. चंदन, वाळा किंवा लिंबाची जोड असलेलं घ्या. बाटलीवर ‘फॉर हर’ लिहिणं हा दुकानातल्या मांडणीचा भाग आहे.

किती फवारे, कुठं, कधी?

कोल्हापूरच्या हवेचे तीन हिशेब आहेत.

मार्च ते मे: गरम कातडीवरून वास भराभर उडतो आणि दाट वाटतो. एक फवारा छातीवर, शर्टाच्या आत, एक मानेच्या मागे. बस्स. शहाळ्याचा किंवा लिंबू-नारळाचा हलका प्रकार वापरा.

जून ते सप्टेंबर: दमट हवेत गोड वास रेंगाळतो आणि ओलसर कपड्यांच्या कुबट वासात मिसळतो. नीट न वाळलेल्या कपड्यावर नारळ मारला तर दोन्ही मिळून खवट खोबऱ्यासारखं लागतं. आधी कपडे वाळवा. ते जमत नसेल तर त्या दिवशी परफ्यूम नको.

नोव्हेंबर ते जानेवारी: दुधाळ आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या प्रकारांचा हाच हंगाम. तीन फवारे चालतात. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला जाताना स्वेटरच्या आतल्या बाजूला एक मारला तर दुसऱ्या दिवशीही मंद वास येतो.

बाटली अंगापासून १५ ते २० सेंटिमीटर लांब धरा. मनगटावर मनगट घासू नका. घासल्यानं ऊब वाढते आणि लिंबासारखे उडते वास आधी निघून जातात. कोरड्या कातडीवर वास कमी टिकतो, म्हणून आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनचा बारीक थर लावून वर परफ्यूम मारावं.

अर्ध्या तासात मला वासच येत नाही. टिकत नाही का?

बहुधा टिकतंय, तुमचं नाक सरावलंय. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणं थांबवतं, आणि दाट दुधाळ वासांचं हे हमखास होतं. आणखी फवारे मारण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा, किंवा बाहेर दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या. “मला येईना” म्हणून वाढवत नेणं हीच या परफ्यूममधली सगळ्यात मोठी चूक.

खरंच टिकत नसेल तर बाटलीवर प्रकार वाचा. बॉडी मिस्ट आणि डिओमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण अगदी कमी असतं. ओ डी टॉयलेटमध्ये साधारण ५ ते १५ टक्के, ओ डी परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के धरा.

घाम आला की आंबूस वास येतो. का?

घामातल्या आम्लांचा वास आणि लॅक्टोनांचा दुधाळ वास एकत्र आला की नाकाला नासलेलं दूध वाटतं. फुलांच्या किंवा लिंबाच्या वासात हे इतकं जाणवत नाही. काखेत नारळाचं परफ्यूम मारू नका. तिथं बिनवासाचं घामरोधक, आणि परफ्यूम छातीच्या वर. तालमीतून किंवा जिममधून आल्यावर आंघोळ न करता वरून फवारणं तर नकोच.

घरी रोल-ऑन करता येईल का?

येईल. १० मिलीच्या एका कुपीसाठी प्रमाण असं:

फ्रॅक्शनेटेड खोबरेल तेल (एमसीटी, म्हणजे गोठणारा भाग काढून टाकलेलं खोबरेल) ९.५ मिली, तेलात विरघळणारं नारळाचं सुगंधी तेल ६ थेंब, चंदन ४ थेंब, वाफेवर काढलेलं लाइमचं तेल २ थेंब, मोगरा १ थेंब. सुगंधाचं एकूण प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. ड्रॉपरागणिक थेंब लहानमोठा होतो, म्हणून दुसऱ्यांदा तसंच जमायला हवं असेल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वापरा.

कुपी धुऊन पूर्ण कोरडी करा. आत पाण्याचा थेंबही नको. आधी चंदन आणि नारळ, मग मोगरा, शेवटी लाइम. टोपण लावून तळहातात फिरवा आणि हे मिश्रण एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी एमसीटी तेल घाला, पण गळ्यापर्यंत भरू नका, रोल-ऑनची फिरती गोळी दाबून बसवायला जागा ठेवा. मग आठवडाभर कपाटात. पहिल्या दिवशी लाइम पुढे पुढे करतं, आठवड्यानं नारळ-चंदन वर येतात. त्याआधी वास घेऊन थेंब वाढवत बसू नका.

लाइमचं तेल घेताना ‘डिस्टिल्ड’ आहे ना ते विचारा. साल दाबून काढलेलं तेल अंगावर असताना ऊन लागलं तर कातडीवर चट्टे उठू शकतात. आपल्या उन्हात हा धोका पत्करू नये.

केलं, पण गढूळ झालं / थर वेगळे झाले / तळाशी खडे दिसतात.

थर वेगळे झाले असतील तर तुम्ही केकसाठीचं कोकोनट इसेन्स घातलंय. ते पाण्यात किंवा ग्लायकॉलमध्ये असतं, तेलात मिसळत नाही, कितीही हलवा. गढूळपणा बहुतेकदा ओल्या कुपीमुळे येतो. तुम्ही व्हॅनिलाही घातला असेल तर तळाचे बारीक पांढरे स्फटिक व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्याचे. ते तेलात फारसं विरघळत नाही. कुपी कोमट पाण्यात ठेवली तर तात्पुरतं विरघळेल, गार झालं की पुन्हा येईल. पुढच्या वेळी व्हॅनिला कमी करा.

एमसीटी कशाला, घरचं खोबरेल का नाही?

दोन कारणं. साधं खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबरात कोल्हापूरचा रात्रीचा पारा त्याच्या बराच खाली जातो. सकाळी गोळी फिरतच नाही. दुसरं, घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो आणि त्यात ओलावा राहिला तर काही महिन्यांत साबणासारखा खवट वास सुटतो. एमसीटी गोठत नाही आणि त्याला वासही जवळजवळ नसतो.

घरचंच तेल वापरायचं असेल तर घट्ट मलम करा: १५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मधमाशीचं मेण, १ मिली सुगंध. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. उतरवून जरा निवू द्या, कडेला पांढरट कड धरू लागली की सुगंध घालून लगेच डबीत ओता. जास्त गरम असताना घातला तर निम्मा वास स्वयंपाकघरातच उडून जाईल.

स्प्रे करायला मेडिकलमधलं स्पिरिट चालेल का?

नाही. त्याचा स्वतःचा उग्र वास जात नाही, आणि त्यात अंगाला रोज लावू नयेत अशी द्रव्यं मिसळलेली असू शकतात. परफ्यूमच्या दर्जाचं अल्कोहोल उत्पादन शुल्काच्या नियमांखाली येतं, ते सहज मिळत नाही. घरी तेलावरच भागवा. आणि हो, खोबरेल तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे दोन्ही मिसळून स्प्रे करायची कल्पना तशीही फसते.

दुकानात पारख कशी करावी?

महाद्वार रोडला जा नाहीतर राजारामपुरीत, रीत एकच. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. आधी कागदी पट्टीवर, मग आवडलेला एकच मनगटावर. लगेच पैसे देऊ नका. पहिली वीस मिनिटं लिंबू-अननस बोलतात, नारळ त्यानंतर बसतो, आणि तुमच्या अंगावर तो तेलकट होतो की मऊ राहतो हे तासाभरानंच कळतं. तोवर बाजारातली बाकीची कामं उरका.

डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, एमआरपी आणि वापराची मुदत हवी. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. नामांकित परफ्यूमची ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे मिळतं त्यात नारळ हमखास ओळखू येतो: पहिल्याच क्षणी भसकन गोड, आणि तासाभरानं उरते फक्त प्लास्टिकसारखी झाक.

तांबडा-पांढरा खायला जाताना लावावं का?

कशाला? मटणाच्या वाफेपुढे कुठलंच परफ्यूम टिकत नाही, आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाटीशेजारी तुमचा नारळ वेगळा ओळखू येणार नाही.

साज, ठुशी, रेशमी साडी यांच्यावर डाग पडतो का?

पडतो. अल्कोहोलनं सोन्याचा मुलामा आणि मोत्याची चमक उतरते, रेशमावर आणि जरीवर कडा उमटतात. आधी परफ्यूम, पाच मिनिटं थांबून कपडे, शेवटी दागिने. व्हॅनिलाचं प्रमाण जास्त असलेलं परफ्यूम पांढऱ्या शर्टावर पिवळट डाग सोडतं, कारण व्हॅनिलिन हवेत तपकिरी होत जातं. बाटलीतला रस वर्षभरात गडद झाला तर तेही याचमुळे. वास ठीक असेल तर वापरायला हरकत नाही.

खोबऱ्याची ॲलर्जी आहे. चालेल?

कारखान्यात केलेल्या लॅक्टोनमध्ये नारळ नसतो, पण रोल-ऑन आणि मलमाचा बेस नारळापासूनचा असू शकतो. घटकांची यादी वाचा आणि डॉक्टरांना विचारून मगच ठरवा. ॲलर्जी नसणाऱ्यांनीही कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ ते ४८ तास बघावं. तेलाचं रोल-ऑन चेहऱ्यावर नको, मुरुमं येऊ शकतात.

वहिनींना भेट द्यायचंय. त्यांच्या स्वभावाला शोभेल का हे कसं ओळखू?

स्वभाव सोडा, तीन गोष्टी बघा. त्या डोक्याला खोबरेल लावतात का? लावत असतील तर नारळाचं परफ्यूम त्यात बुडून जाईल, त्यांना मोगरा द्या. त्यांना गोडाचा वास आवडतो की आंबट-ताज्याचा? आवडीचा साबण कुठला एवढं विचारलं तरी अंदाज येतो. आणि दिवसभर त्या कुठं असतात? वर्गात, दवाखान्यात, बँकेत काम असेल तर शहाळ्याचा हलका प्रकार. शंका असेल तर १०० मिलीची बाटली घेऊ नका; ५ किंवा १० मिलीची घ्या. नाही आवडली तरी त्यांना ओशाळं वाटणार नाही आणि तुमचे पैसेही वाचतील.

बाटली कुठं ठेवावी?

कपाटात, डबीत, उभी. न्हाणीघरात वाफेनं आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हानं परफ्यूम लवकर बिघडतं. आधी लिंबू जातं आणि उरलेला नारळ जडशीळ वाटू लागतो. तसं झालेलं परफ्यूम अंगाला न लावता कापसाच्या बोळ्यावर घेऊन कपड्यांच्या कपाटात ठेवा, फक्त बोळा कपड्यांना टेकू देऊ नका.